दोन रात्री, एकच मुक्काम: अमेरिका-युरोपातल्या पहिल्या उन्हाळ्यासाठी वीकेंडची आखणी

अमेरिकेत किंवा युरोपात नव्याने राहायला आलेल्या मराठी घरातला पहिला उन्हाळा बहुतेक वेळा ठरलेल्या वाटेने जातो. मेमध्ये जरा ऊन पडायला लागतं, ऑफिसातली मंडळी शुक्रवारी दुपारीच पसार होतात, आणि मग घरात यादी निघते. नायगरा, ग्रँड कॅन्यन, पॅरिस, स्वित्झर्लंड: सगळी भारतातून ऐकून आलेली नावं. न्यू जर्सीतून शुक्रवारी काम संपल्यावर निघायचं, सात तास गाडी हाणायची, मध्यरात्री मोटेल गाठायचं, शनिवारी धबधबा आणि रविवारी पुन्हा सात तास रस्ता. सोमवारी फोन फोटोंनी भरलेला असतो आणि कंबर धरलेली असते.

नायगरा बघू नये असं कोण म्हणेल? पण तो तीन-चार दिवसांचा बेत आहे. शनिवार-रविवारच्या सहलीत जागेचं नाव सगळ्यात शेवटी ठरवावं. आधी तारखा, मग कागदपत्रं, मग तास, मग हवा. या चार चाळण्यांतून जे गाव उरेल ते बहुधा तुमच्या यादीत नसतंच, आणि तेच लक्षात राहतं.

पहिली पायरी: तारखा

अमेरिकेत मेचा शेवटचा सोमवार म्हणजे मेमोरियल डे, मग ४ जुलै, आणि सप्टेंबरचा पहिला सोमवार म्हणजे लेबर डे. या तीन लाँग वीकेंडना अख्खा देश एकदम रस्त्यावर येतो. हॉटेलांचे भाव चढलेले असतात आणि बऱ्याच ठिकाणी तीन रात्रींच्या खाली खोली देत नाहीत. लांबचं काही करायचं असेल तर हे वीकेंड जानेवारी-फेब्रुवारीतच बुक करून टाका. तसं जमलं नसेल तर त्या दिवसांत घरी बसा, मित्रांना जेवायला बोलवा, आणि पुढच्या शनिवारी निघा. खरा माल लेबर डेच्या पुढच्या वीकेंडला असतो. शाळा सुरू झालेल्या असतात, भाव उतरलेले असतात, आणि ईशान्येकडच्या समुद्राचं पाणी उन्हाळाभर तापून तेव्हाच कुठे अंगाला सोसवतं. फक्त तोवर किनाऱ्यावरचे बरेचसे लाइफगार्ड गेलेले असतात, हे ध्यानात असू द्या.

युरोपात गणित वेगळं. मे-जूनमधल्या काही सुट्ट्या गुरुवारी येतात, म्हणून जर्मनीत लोक शुक्रवारची रजा टाकून चार दिवस जोडून घेतात. अशी तारीख हेरायची तर वर्षाच्या सुरुवातीलाच टीममध्ये रजा टाकून ठेवा, कारण बाकीच्यांनी ती आधीच टाकलेली असते. ऑगस्टमध्ये फ्रान्स-इटलीत गावंच्या गावं सुट्टीवर जातात. १५ ऑगस्टच्या आसपास इटलीत शहरातली चांगली खानावळ बंद आणि किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही, अशी दोन्हीकडून अडचण. स्वीडनमध्ये मिडसमर या उन्हाळ्याच्या सणाच्या शुक्रवारी, म्हणजे १९ ते २५ जूनच्या दरम्यान येणाऱ्या शुक्रवारी, स्टॉकहोम ओस पडतं. त्या दिवशी शहर बघायला जाऊ नका, एखाद्या बेटावर जा.

दुसरी पायरी: कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच सर्वात जास्त बेत मोडतात.

शेंगेन देशाचं (एकाच व्हिसावर फिरू देणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या देशाचं) रेसिडेन्स परमिट असेल तर दुसऱ्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय जाता येतं. क्रोएशिया २०२३ पासून आणि रोमानिया-बल्गेरिया २०२५ पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये आहेत. मात्र पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही बरोबर हवं. "सीमेवर कोण बघतंय" हा भ्रम आहे. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून जमिनीवरच्या सगळ्या सीमांवर तपासणी सुरू केली, आणि साल्झबर्गहून म्युनिककडे येणाऱ्या गाडीत पोलीस चढतात.

लंडनमध्ये राहणाऱ्यांना सगळ्यात जास्त चटका इथे बसतो. पॅरिस रेल्वेने सव्वादोन तासांवर, पण ब्रिटनचा व्हिसा शेंगेनमध्ये चालत नाही. आयर्लंडचा व्हिसा आणखी वेगळा. म्हणून पहिल्या उन्हाळ्यात शेंगेन अपॉइंटमेंटच्या मागे धावत बसण्यापेक्षा लेक डिस्ट्रिक्ट, डॉर्सेटचा किनारा, वेल्सचे डोंगर, स्कॉटलंड एवढं जरी धरलं तरी चार वीकेंड सहज निघतात. पॅरिसला थंडीत जा. म्युझियमं तेव्हाही उघडी असतात.

अमेरिकेत एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर नायगराची कॅनडाकडची बाजू बघायला कॅनडाचा व्हिसा लागतो. ग्रीन कार्डवाल्यांना लागत नाही, पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. कागद नसतील तर अमेरिकेच्या बाजूला, कॅनडात जाणाऱ्या रेनबो ब्रिजच्या आसपास गाडी चालवताना पाट्या नीट वाचा. चुकीच्या लेनमध्ये शिरलात तर पुलावरून मागे फिरता येत नाही. देशाच्या आत फिरतानाही सीमेजवळच्या राज्यांत पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची) प्रत गाडीत असू द्या.

तिसरी पायरी: किलोमीटर नको, तास मोजा

दोन रात्रींच्या सहलीला घराच्या दारापासून खोलीच्या दारापर्यंत साडेतीन तास, ही माझी मर्यादा. तीन रात्री असतील तर पाच-साडेपाच. यापुढे गेलात की रस्ता हीच सहल होते.

विमानाने जायचं ठरवलं तर हिशेब आणखी कडक लावा. युरोपातली वीस युरोची तिकिटं बघून भुरळ पडते. पण फ्रँकफर्ट-हान हा विमानतळ फ्रँकफर्टपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि पॅरिसच्या नावावर खपणारा बोव्हे पॅरिसच्या उत्तरेला ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर. बसचं भाडं, पहाटे तीनचा गजर, बॅगेचे जादा पैसे आणि दोन तास आधी पोचणं धरलं की अर्धा शनिवार गेला. तेवढ्या वेळात रेल्वे तुम्हाला तळ्याकाठी नेऊन सोडते.

आता उन्हाळ्याची एक गंमत, जी पुण्या-मुंबईच्या माणसाला पहिल्या वर्षी लक्षातच येत नाही. आपल्याकडे बारा महिने साडेसातच्या आत सूर्य मावळतो. जूनच्या शेवटी बॉस्टनला सूर्य जवळपास साडेआठला मावळतो, म्युनिक आणि सिॲटलला सव्वानऊच्या आसपास, पॅरिसला दहाच्या सुमारास आणि स्टॉकहोमला दहानंतर. म्हणजे शनिवारी सकाळी सहाला निघून साडेनऊला पोचलात तरी हातात अकरा-बारा तासांचा उजेड असतो. शुक्रवारी संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये बॉस्टनजवळच्या केप कॉड किनाऱ्याकडे जाणाऱ्या पुलाआधी दोन तास खिळून राहण्यापेक्षा शनिवारी पहाटे निघणं केव्हाही बरं. एक रात्र वाचते, तेवढं भाडं वाचतं. ऑगस्टअखेरीस मात्र हा उजेड भराभरा आटतो, तेव्हा जूनमधलं वेळापत्रक सप्टेंबरला लावू नका.

गाडी भाड्याने घेताना दोन-तीन गोष्टी. युरोपात ऑटोमॅटिक गाडी मुद्दाम मागावी लागते, आणि ती आधी संपते. ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडच्या महामार्गांवर व्हिन्येट (टोलचं स्टिकर) लागतं: ऑस्ट्रियात एका दिवसाचंही मिळतं, स्वित्झर्लंडमध्ये वर्षाचंच घ्यावं लागतं. अमेरिकेत पंचविशीच्या आतल्या चालकाला रोजचा जादा आकार पडतो, आणि डिपॉझिटसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. नुकतेच आलेल्यांकडे ते नसतं. डेबिट कार्ड चालेल का आणि त्याच्या अटी काय, हे काउंटरवर उभं राहून नाही तर आठवडाभर आधी फोन करून विचारा.

चौथी पायरी: उन्हाळा सगळीकडे सारखा नसतो

जुलै-ऑगस्टमध्ये कुठे जाऊ नये हे आधी सांगतो. डेथ व्हॅली नको. ऑगस्टमधलं रोम किंवा सेव्हिल नको, दुपारी पस्तीस-चाळीस अंशांत भिंतींच्या सावल्या शोधत फिरणं नागपूरकरांना नवीन नाही आणि त्यासाठी पैसे मोजायची गरज नाही. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ साधारण सात हजार फुटांवर असल्याने वर हवा बरी असते, पण खाली उतरलात की भट्टी. ॲरिझोनातल्या अरुंद घळींत जुलै-ऑगस्टच्या पावसात लांबवर पडलेल्या सरीचं पाणी काही मिनिटांत येतं. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये अशाच लोंढ्यात अकरा पर्यटक गेले. तिथे वाटाड्याने "आज नाही" म्हटलं की हुज्जत घालू नये.

उलट सॅन फ्रान्सिस्कोला जुलैत जाल तर धुक्याने गारठाल. हाफ पँटमध्ये आलेले पर्यटक तिथे स्वेटर विकत घेताना हमखास दिसतात. नेदरलँड्समध्ये जुलैत ट्यूलिप शोधत जाणारेही पुष्कळ. कॉयकेनहॉफची बाग मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते. जुलैत त्या देशातली बघण्यासारखी गोष्ट म्हणजे बेटं. ॲमस्टरडॅमहून रेल्वेने डेन हेल्डर, तिथून वीस मिनिटांच्या फेरीने टेक्सेल, आणि उतरल्यावर भाड्याची सायकल. वाळूच्या टेकड्यांमधून सायकलवाटा आहेत आणि चढ जवळजवळ नाहीतच. फक्त वारा समोरून आला की चढ परवडला असं वाटतं.

किडे-माश्या हा विषय कोणी आधी सांगत नाही. मेन राज्यात आणि न्यू यॉर्क राज्यातल्या ॲडिराँडॅक्स डोंगरांत मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत काळ्या माश्या पिसाळलेल्या असतात. स्कॉटलंडमध्ये उन्हाळाभर, वारा पडलेल्या संध्याकाळी, मिज नावाची चिलटं ढगासारखी येतात. अमेरिकेच्या ईशान्येला आणि मध्य युरोपात गवतातून चालून आल्यावर गुडघ्यांच्या मागे, काखेत, मुलांच्या केसांत गोचीड आहे का ते बघायचं. लाइम रोग तिथे नेहमीचा आहे. बव्हेरिया-ऑस्ट्रियात गोचिडीतून मेंदूज्वरही पसरतो. त्यावर लस आहे, डॉक्टरांना विचारा.

पाचवी पायरी: संध्याकाळी रिकामं होणारं गाव निवडा

माझ्या मते सगळ्या आखणीतला हा खरा मुद्दा आहे. जी ठिकाणं सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात बसने आलेल्यांनी तुडुंब भरतात आणि नंतर मोकळी होतात, तिथे मुक्काम करायचा. दिवसा तुम्ही डोंगरात किंवा पाण्यावर असायचं, आणि गाव बघायचं ते संध्याकाळी सहानंतर किंवा सकाळी आठच्या आत. ऑस्ट्रियातल्या हालश्टाटमध्ये जेमतेम सात-आठशे लोक राहतात, आणि गर्दीच्या दिवसांत दहा हजारांपर्यंत पाहुणे येऊन जातात. त्या दहा हजारांत मोजले गेलात तर शिव्या घालत परत याल. पण शेवटच्या बसगाड्या गेल्यावर तळ्याकाठच्या बाकावर बसलात तर मत बदलतं.

मिशिगनमधलं मॅकिनॉ बेट हे असंच. १८९८ पासून तिथे मोटारींना बंदी आहे. फेरीने उतरलं की घोडागाड्या, सायकली आणि लिदीचा वास. माथेरान आठवल्याशिवाय राहत नाही, फक्त इथे झाडांच्या मागे निळंशार पाणी दिसतं. बेटाभोवतीचा सव्वाआठ मैलांचा सपाट रस्ता सायकलने दीड तासात होतो, पण सकाळी सातला निघालात तर. अकरानंतर तोच रस्ता जत्रा असतो. शिकागोहून सहा तास लागतात, तेव्हा माझी मर्यादा थोडी ओलांडून हा तीन रात्रींचा बेत समजा. दोनच रात्री असतील तर शिकागोकरांना मिशिगन तळ्याच्या काठचं इंडियाना ड्यून्स हे वाळूच्या टेकड्यांचं उद्यान तासा-सव्वा तासावर आहे.

वॉशिंग्टन-व्हर्जिनियाकडे शेनँडोआ राष्ट्रीय उद्यान घ्या. त्यातला स्कायलाइन ड्राइव्ह हा डोंगरमाथ्यावरचा रस्ता १०५ मैलांचा, वेगमर्यादा ताशी ३५ मैल. दिवसाची सहल करणारे उत्तरेच्या फ्रंट रॉयलकडून शिरतात, दोन पॉइंटांवर उतरतात आणि परततात. तुम्ही उद्यानातल्या बिग मेडोजला डोंगरावरच राहा. संध्याकाळी माळावर हरणं येतात, आणि अमावास्येच्या आसपासचा वीकेंड धरलात तर रात्री आकाश बघायला मिळतं. चंद्राची तिथी बघून सहल ठरवायला घरातलं कालनिर्णय उपयोगी पडतं.

आता दोन ठिकाणं जरा जवळून.

म्युनिकहून बेर्ख्टेसगाडेन रेल्वेने, फ्राइलासिंगला गाडी बदलून, साधारण अडीच-पावणेतीन तास. हा सगळा प्रवास डॉइचलांड-टिकिटात बसतो. महिन्याचा हा पास जानेवारी २०२६ पासून ६३ युरोला आहे आणि देशभरच्या प्रादेशिक गाड्या, ट्राम, बस त्यावर चालतात. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना तो चालत नाही. हा पास म्हणजे सबस्क्रिप्शन असतं, आणि ते पुढच्या महिन्यासाठी बंद करायचं तर चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत. हे विसरून वर्षभर पैसे भरणारे बरेच आहेत.

बेर्ख्टेसगाडेनहून बसने क्योनिगझे तळं. तिथे १९०९ पासून विजेवरच्याच बोटी चालतात, त्यामुळे पाण्यावर इंजिनाचा आवाज नाही. वाटेत एका कड्यासमोर बोट थांबते, बोटीवरचा माणूस ट्रंपेटसारखं वाद्य काढून दोन ओळी वाजवतो, आणि कडा त्या ओळी परत देतो. मग टोपी फिरते, सुटे युरो खिशात ठेवा. जवळपास सगळे प्रवासी सेंट बार्थोलोमे या लाल घुमटांच्या चर्चपाशी उतरतात. तुम्ही बसून राहा. शेवटचा थांबा जालेट. तिथून पंधरा मिनिटं चाललं की ओबरझे हे दुसरं, लहान तळं लागतं, आणि त्याच्या काठाने दगडी पायऱ्यांची वाट पलीकडच्या गवळवाड्यापर्यंत जाते. तिथे ताक आणि पाव-लोणी मिळतं. त्यापुढे कड्यावरून पडणारा र‍्योटबाख धबधबा, सुमारे ४७० मीटरचा, जर्मनीतला सर्वात उंच. सगळं मिळून चार-पाच तास धरा, म्हणून सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एक गाठायची. त्यासाठी आदली रात्र गावात काढलेली असली पाहिजे, म्युनिकहून दहाला पोचलात तर ऑगस्टात धक्क्यावर तासाभराची रांग असते. आणि जालेटहून शेवटची बोट किती वाजता, ते उतरतानाच फलकावर वाचून फोटो काढून ठेवा. तिथून रस्ता नाही, बोट चुकली की पंचाईत.

दुसरं ठिकाण मेनमधलं बार हार्बर, बॉस्टनहून पाच तासांवर. तीन रात्री हव्यातच. अकेडिया राष्ट्रीय उद्यान गावाला लागून आहे, आणि जूनच्या उत्तरार्धापासून तिथे आयलंड एक्सप्लोरर नावाची फुकट बससेवा असते, त्यामुळे पार्किंगसाठी भांडावं लागत नाही. सगळे धावतात ते कॅडिलॅक डोंगरावरच्या सूर्योदयाला. गाडीने वर जायचं तर आधी आरक्षण लागतं: काही जागा ९० दिवस आधी सुटतात, जास्त जागा दोन दिवस आधी सकाळी दहाला. "अमेरिकेतला पहिला सूर्योदय" ही जाहिरात उन्हाळ्यात खरी नाही, ती ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतच लागू पडते. जूनअखेरीस सूर्य पाचच्या आत उगवतो, म्हणजे साडेतीनला उठणं आलं. लहान मुलं असतील तर मी हा सूर्योदय सोडून देईन.

त्याऐवजी ओहोटीचं वेळापत्रक बघा. बार हार्बर गावातल्या ब्रिज स्ट्रीटच्या टोकाशी ओहोटीला समुद्र मागे सरकतो आणि बार आयलंडपर्यंत खडी-शिंपल्यांचा रुंद पट्टा उघडा पडतो. ओहोटीच्या क्षणाच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास, एवढाच वेळ चालत जाता येतं. पायाखाली शिंपल्या कुरकुरतात, डबक्यांत खेकडे असतात, मुलं तिथून हलत नाहीत. बेटावर वीस-पंचवीस मिनिटं चढलं की सगळं बंदर आणि मागे डोंगर दिसतात. ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे जाते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पण त्या पट्ट्यावर गाडी उभी करून वर गेलेल्यांच्या गाड्या भरतीत बुडाल्या आहेत. गाडी गावातच ठेवा.

बुकिंग कधी आणि कशाचं

खोली सगळ्यात आधी, आणि ती रद्द करता येणारीच. पश्चिम अमेरिकेत जुलैपासून वणव्यांचा धूर केव्हाही येऊ शकतो, आग्नेय किनाऱ्यावर १ जून ते ३० नोव्हेंबर चक्रीवादळांचा काळ असतो. दहा-वीस डॉलर जास्त गेले तरी चालतील. युरोपात खोलीला एसी नसणं हे नेहमीचं आहे, म्हणून जुलैत पंखा आहे का आणि खोली कितव्या मजल्यावर आहे, हे विचारून घ्या. वरच्या माळ्याची लाकडी खोली चित्रात छान दिसते, रात्री तापते.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत गाडीसाठी वेळेचं आरक्षण लागतं की नाही हे दर वर्षी बदलतं. मागच्या वर्षी मित्राला लागलं नव्हतं यावर विसंबू नका, उद्यानाचं अधिकृत पान उघडा. इटलीत डोलोमाइट्समधल्या ब्रायेस तळ्याला जुलै-ऑगस्टात गाडी घेऊन जायचं तर आरक्षणाशिवाय सोडत नाहीत. नॉयश्वानस्टाइनच्या किल्ल्यात शिरायचं असेल तर तिकीट ऑनलाइन आधीच घ्या. ब्रिटनमध्ये रेल्वेची ॲडव्हान्स तिकिटं लवकर घेतली की निम्म्याने स्वस्त पडू शकतात, पण बँक हॉलिडेच्या (सार्वजनिक सुट्टीच्या) वीकेंडला रुळांची कामं काढतात आणि रेल्वेऐवजी बसमध्ये कोंबतात. मार्ग आधी तपासा.

डबा

जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनांतली तेवढी उघडी. शनिवारी संध्याकाळी दूध-दही-फळं घेतली नाहीत तर रविवारी मुलांना बिस्किटांवर ठेवावं लागेल. गावातल्या हॉटेलांचं स्वयंपाकघर दुपारी दोनला बंद होऊन साडेपाचला उघडतं, आणि आठवड्यातला एक वार पूर्ण सुट्टी. शाकाहारी असाल तर केझश्पेट्झले (चीज घातलेले पिठाचे शिजवलेले तुकडे) मागा, पण पिठात अंडं असतं. आणि सूप कितीही साधं दिसलं तरी ते हाडांच्या पाण्यातलं नाही ना, ते विचारा.

दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी हा शनिवार दुपारचा उत्तम बंदोबस्त आहे. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर लहान कुकर आणि मेतकूट न्या. डोंगर चढून आल्यावर मऊ भाताची बरोबरी दुसरं काही करत नाही. अमेरिकेत अस्वलांच्या भागात मात्र हा डबा रात्री गाडीत ठेवायचा नाही. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानात तो कायदाच आहे. तिथे लोखंडी पेट्या असतात, सगळं खाणं त्यात. अस्वल बेसनाच्या लाडवाच्या वासाने गाडीचं दार वाकवू शकतं, आणि विमा कंपनीला ते समजावून सांगणं जड जातं.

पाण्यात उतरताना

इथे थोडं कडक बोलतो. फोटोत नितळ दिसणारं पाणी बर्फाचं असतं. मेनचा समुद्र भर जुलैत तेरा-पंधरा अंशांच्या आसपास असतो. आल्प्समधली तळी काठाशी गुडघाभर असतात आणि चार पावलांवर तळ दिसेनासा होतो. थंड पाण्यात एकदम उडी मारली की श्वास अडकतो, पोहता येणाऱ्याचाही. योसेमिटीच्या नद्या जूनमध्ये वितळलेल्या बर्फाने फुगलेल्या असतात, त्यांत खडकावरून पाय धुवायलाही वाकू नये. समुद्रावर आणि मिशिगन तळ्यावरही आत ओढणारे प्रवाह असतात. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघा. युरोपात लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधे लाइफगार्डचं लक्ष असतं, तेवढ्यातच उतरा.

आई-बाबा आलेले असतील तर

उन्हाळा म्हणजे त्यांच्याही येण्याचा मोसम. मग साडेतीन तासांची मर्यादा अडीचवर आणा, तळमजल्याची किंवा लिफ्टची खोली घ्या, आणि दर दीड तासाला स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी बघा. क्योनिगझेला त्यांना जालेटपर्यंत न्या, ओबरझेचा पहिला काठ दाखवा, दगडी पायऱ्यांची वाट नको. त्यांचा शेंगेन व्हिसा सिंगल एंट्री असेल तर मधेच लंडनची चक्कर मारून परत येता येणार नाही. अमेरिकेत २०२६ पासून परदेशी पाहुण्यांना अकेडिया, योसेमिटी, ग्रँड कॅन्यन धरून अकरा मोठ्या उद्यानांत जास्तीचं शुल्क आहे. शेनँडोआ त्या यादीत नाही, ग्रेट स्मोकी माउंटन्सला तर प्रवेश शुल्कच नाही, फक्त पार्किंगचा टॅग घ्यावा लागतो. तुम्ही स्वतः रहिवासी दराने पास घेत असाल तर राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स बरोबर ठेवा.

परतीचा रविवार

दुपारी बाराच्या आत निघा, नाहीतर सरळ रात्री आठनंतर. मधली वेळ सगळ्यांची असते. आठनंतरचा पर्याय जून-जुलैत चांगला, कारण उजेड असतो आणि शेवटची संध्याकाळ हाताशी राहते. अकराला खोली सोडावी लागली तरी बॅगा तिथेच ठेवू देतात, विचारायचं. रेल्वेने असाल तर त्या रात्रीची शेवटून दुसरी गाडी पकडा, शेवटची नको. जर्मनीत पहिली गाडी उशिरा धावली की पुढची जोडगाडी चुकते आणि फ्राइलासिंगच्या फलाटावर रात्र काढायला काही मजा नाही. आणि भाड्याची गाडी विमानतळाऐवजी घराजवळच्या शाखेतून घेतली असेल तर ती शाखा रविवारी उघडी असते का, हे शुक्रवारी गाडी घेतानाच विचारून घ्या. बऱ्याच बंद असतात, मग किल्ली पेटीत टाकायची सोय आहे का तेही विचारा, नाहीतर सोमवारी सकाळी ऑफिसच्या आधी गाडी परत करायची धावपळ आणि एका दिवसाचं जादा भाडं, दोन्ही तुमच्याच माथी.